येथे ओले आहे

जोयडा, १५ जून २०२५

प्रिय फुला,

जाताना तू म्हणालीस, "फोन करू नकोस. फोनवर तू 'सगळं बरं हाय' म्हणतोस आणि मला ते खरं वाटतं. लिहून पाठव. लिहिताना तुला खोटं जमत न्हाई, खोडतोस." म्हणून लिहीत आहे. पोस्टाने अणशीला, तुझ्या माहेरी, पत्र कधी पोचेल कोण जाणे, त्यामुळे कारवारच्या बसच्या कंडक्टरला, विठ्ठलअण्णांना, विचारून आलो. ते म्हणाले, "तिकीट काढणार न्हाई पत्राचं. पण उत्तर आलं न्हाई तर माझ्या नावानं बोंब मारायची न्हाई." तेव्हा उत्तर दे.

आता खोलीचे. खालची खोली बरीच कोरडी झाली आहे असे लिहिले होते. मग 'बरीच' खोडून 'थोडी' केले. मग तेही खोडले, मग 'कोरडी झाली आहे' खोडले. आता तिथे नुसते 'खालची खोली' एवढेच उरले आहे. तेवढे खरे आहे.

रामनगरच्या रंगाच्या दुकानदाराला मी आपले घर नीट समजावून सांगितले होते. रस्त्यावरून बघितले तर घर एकमजली. एका भागात आई आणि स्वयंपाक, दुसऱ्यात माझे बोर्ड आणि रंगाचे डबे. जिना उतरून गेले की उतारावरची खालची खोली. तिचे दार आणि खिडकी दरीकडे, पण मागची भिंत म्हणजे जमीनच, तिच्या डोक्यावर अंगण. तो म्हणाला, "हा डबा मारा. पाणी आत यायला वाट विचारत बसंल." मी दोन हात दिले, अगदी कोपऱ्यांसकट. पांढरा शुभ्र, चकचकीत. आता त्याला फोड आले आहेत. आई काल खाली उतरली आणि म्हणाली, "पापड कधी वाळत घातलास रे भिंतीवर?" एक फोड मी बोटाने दाबला. आतून पाणी आले.

तुला आठवत असेलच, पण लिहितो. तू बाळासाठी शिवलेली वाकळ ट्रंकेवर घडी करून ठेवली होतीस आणि उघडली तेव्हा तिच्यावर हिरवी बुरशी होती. तू ओरडली नाहीस. वाकळ पिशवीत घातलीस आणि म्हणालीस, "माझं बाळ ह्या खोलीत यायचं न्हाई." वर रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास, तिथेही नको. दोन्ही बरोबर आहे. पण मग बाळ कुठे येणार, हे तू सांगितले नाहीस, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

तब्येत सांभाळ. अळूचे कंद उकडून खा, आईने आठवणीने लिहायला सांगितले आहे.

तुझा,
नागेश

जोयडा, २७ जून

प्रिय फुला,

विठ्ठलअण्णांनी बसच्या खिडकीतून पुडके टाकले आणि ओरडले, "बायकोनं मीठ पाठवलंय! खा आणि जाग!" स्टँडवरची सगळी माणसे हसली. मीही हसलो, पण पुडके घरी येईपर्यंत उघडले नाही.

चिठ्ठी वाचली. "मला विचारू नकोस खोली कशी हाय. मिठाला विचार. एका ताटलीत खडे मीठ घाल, रात्रभर खाली ठेव. कोरडं राहिलं तर मी येते."

ठेवले. सकाळी ताटलीत मीठ नव्हते, मिठाचे पाणी होते. पण फुला, मग मला शंका आली म्हणून दुसऱ्या रात्री वरही एक ताटली ठेवली. वरचेही पाझरले, थोडे कमी. जूनमध्ये जोयड्यात कोणाच्या घरी मीठ कोरडे राहते? हे मी विठ्ठलअण्णांकरवी तोंडी कळवले. उत्तरही तोंडीच आले, आणि भर स्टँडवर त्यांनी ते तुझ्या आवाजात म्हणून दाखवले: "बरं. वरच्यापेक्षा खालचं मीठ जास्त पाझरलं न्हाई, त्या दिवशी येते. गणपतीच्या चवथीपर्यंत वाट बघीन. पुढं बाबा इथं माझ्यासाठी खोली बांधायला घेणार हाईत."

शेवटचे वाक्य त्यांनी हळू आवाजात सांगितले. त्यांनाही ते ओरडावेसे वाटले नाही.

अणशीच्या जंगलात बोर्ड कोण रंगवून घेणार, असा एक प्रश्न मी इथे लिहिला होता. खोडला आहे.

रंगाच्या डब्यामागे बारीक अक्षरात एक रीत दिली आहे, ती मी आता वाचली. आधी वाचायची असते. प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा. पाणी आपल्या बाजूला धरले तर दोष हवेचा, भिंतीच्या बाजूला धरले तर भिंतीचा. मी ठेवला. दोन्ही बाजूंना धरले. आई म्हणाली, "म्हंजे दोघांचं भांडण, आणि दोघं बी खरी." तिने जिन्याखाली सरपणाची ओली लाकडे रचून ठेवली होती आणि मी पावसात माझे शर्ट खिडकीला वाळत घालत होतो. दोन्ही बंद केले. हवेची बाजू थोडी सुधारली. भिंत काही ऐकत नाही.

तुझा,
नागेश

जोयडा, १२ जुलै

प्रिय फुला,

तिकडे आपल्या मुलीला बघून आल्यापासून मी कामात दोन चुका केल्या. एका होम-स्टेच्या बोर्डवर बाण उलट्या दिशेला काढला. त्यांचे पाहुणे आता नदीत जातील. सुधारून आलो. दुसरी चूक सांगत नाही.

तुझ्या आईने, मामींनी, तिला माझ्या हातात दिले तेव्हा तू झोपली होतीस, म्हणून तुला माहीत नाही. तिने माझे बोट धरले. माझ्या नखात निळा रंग होता. मला वाटले, हिला लागेल. मामी म्हणाल्या, "लागू दे की. बापाचा रंग हाय." मी बोट तसेच राहू दिले.

नावाबद्दल. तू म्हणालीस तसे, नाव चवथीला ठेवू, आणि कुठे ठेवायचे ते मीठ ठरवील. ठीक आहे. पण कोणते, त्याबद्दल माझे म्हणणे असे: मनीषा चांगले आहे, पण सगळे जण जन्मभर 'मनिषा' लिहितील आणि ती जन्मभर दुरुस्त करत बसेल. प्रियांकाचेही तेच, कोणी अनुस्वार देईल, कोणी ङ जोडेल. रक्षा या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकायला जागाच नाही. विचार कर.

भिंतीचे मी आता ठरवले आहे. सगळा चकचकीत रंग खरवडून काढला. खाली सिमेंट दिसले तेव्हा कळले की सगळीकडे सारखे ओले नाही. मधोमध, माझ्या छातीच्या उंचीवर एक जागा सर्वांत काळी आहे, तिथून पाणी पसरते. हळियाळहून यल्लप्पा मेस्त्री येणार आहेत. पण मला उद्याच कुळगीला जायचे आहे, तिथल्या कॅम्पजवळचे बोर्ड करायला, आणि तिथेच राहावे लागेल. म्हणून मेस्त्रींना चूक होऊ नये यासाठी मी भिंतीवरच ब्रशने लिहिले आहे. काळ्या रंगात, ठळक, खाली त्या जागेकडे बाण:

येथे ओले आहे

आई बघत होती. म्हणाली, "वल्लं लिही की रे. मेस्त्री हळियाळचा, त्याला वल्लं कळतं."

मी म्हणालो, "आई, बोलायला ठीक आहे. भिंतीवर काढलेले अक्षर शुद्धच असावे."

"तुझं शुद्ध तुला लखलाभ," असे म्हणून ती वर गेली.

तुला आणि तिला,
नागेश

जोयडा, २३ जुलै

फुला,

'प्रिय' लिहायचे राहिले, रागात आहे. तुझ्यावर नाही.

काल कुळगीहून आलो, बॅग टाकून थेट खाली गेलो. भिंतीला माझ्या बाणाखाली एक चूल आहे. चूल, फुला! विटांची, गिलावा केलेली, दोन वैलांची, मोठे हंडे बसतील अशी. तिच्यावर भिंतीला भोक, भोकात सिमेंटचा पाइप, तो वर अंगणातून छपरापेक्षा उंच गेलेला. वर माझे अक्षर तसेच: येथे ओले आहे. मेस्त्रींनी त्याच्या भोवती गिलावाही जपून केला आहे, एका मात्रेलासुद्धा धक्का नाही.

मी आईला विचारले, "हे काय?"

आई म्हणाली, "मला वाटलं तूच सांगितलंस."

मग तिने सगळे सांगितले. मेस्त्री आले, त्यांनी भिंत वाचली. देवनागरी त्यांना येते, शाळेत हिंदी होती. त्यांनी इथेच का म्हणून जिन्यातून हाक मारली, "अव्वा, ओले इल्ले?"

आईला वाटले, मेस्त्री तिच्यासाठी मराठी बोलायचा प्रयत्न करत आहेत. ती म्हणाली, "व्हय बाबा, तिथंच!"

"दोड्डदा?"

"दोड्डद! लई मोठं! आणि पावसात तर अजून वाढतं!"

मेस्त्री म्हणे मान हलवत म्हणाले, "हौदु, हौदु. बाळंतीण येणार, पाणी लई तापवायला लागणार."

आईने त्यावरही "व्हय" म्हटले, कारण बाळंतीण येणार हे तर खरेच होते.

फुला, तू कारवारच्या रस्त्यावरच्या गावात वाढलीस, तुझे कन्नड माझ्यापेक्षा कोकणीकडे झुकलेले, तरी तुला हे कळले असेल. मला मात्र रात्री जेवताना घास हातात असताना कळले. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. मी कन्नड बोर्ड रंगवून पोट भरतो. 'वल्लं' लिहिले असते तर काही झाले नसते. शुद्ध लिहिले म्हणून चूल झाली.

आज मेस्त्री उरलेली वाळू न्यायला आले तेव्हा मी जरा चढ्या आवाजात बोललो. ते माझ्यापेक्षा चढ्या आवाजात म्हणाले, "नीने बरदी, ओले अंत! तूच लिवलास की! बाण बी काढलास! एवढ्या झकास अक्षरात कोण चूक लिवतंय?" मी त्यांची वाळू पोत्यात भरायला लागलो.

पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि खरे तर तीच मोठी आहे. पाइप बाहेर काढायला त्यांनी अंगणातून भिंतीलगत खणले. तेव्हा तिथे दगडी गटार सापडले. आपल्याकडे असे गटार आहे हे आईही विसरली होती. अंगणात सिमेंट घातले तेव्हा ते बुजले. छपराचे सगळे पाणी त्यात उतरायचे आणि फणसाच्या पानांनी आणि मातीने तुंबून तिथेच उभे राहायचे, माझ्या बाणाच्या बरोबर मागे. भोक पाडले तेव्हा ते पाणी मेस्त्रींच्या अंगावर आले. ते कन्नडमध्ये काय बोलले, ते आईने सांगितले, पण मी लिहिणार नाही. मग त्यांनी चिडून सगळे गटार साफ केले आणि उताराकडे वाट काढून दिली, "न्हाईतर माझी ओले विझंल" म्हणून.

राग गेला आहे, हे आता लिहिता लिहिता कळले.

प्रिय फुला,
नागेश

जोयडा, ४ ऑगस्ट

प्रिय फुला,

तुझे पत्र आले. तुझ्या हसण्याने मुलगी दचकून उठली आणि मामी हसून हसून उंबऱ्यावर बसल्या, हे वाचले. म्हणजे तू पत्रे त्यांना वाचून दाखवतेस. सगळी? नखातल्या रंगाचेही?

चूल पाडून टाकावी का, असे मी विठ्ठलअण्णांकरवी विचारले होते, त्यावर तू एकच ओळ लिहिलीस: "आधी पेटव." पेटवली. आईने वैलावर पाणी ठेवले, मी समोर बसलो. धूर आधी खोलीत घुटमळला, मग पाइपला वाट सापडली आणि तो सरसर वर गेला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की खिडकीतून वारा आत येत आहे. या खोलीत वारा कधी येत नव्हता, फुला. आत आला तरी जाणार कुठे? आता पुढून येतो आणि पाइपमधून जातो. आग विझल्यावरही पाइपखाली हात धरला तर गार हवा वर ओढल्यासारखी लागते. मागून पाणी येणे थांबले आहे, आतली ओल वर निघून चालली आहे. भिंत वरून खाली फिकट होत चालली आहे, काळा डाग आता एखाद्या नकाशासारखा दिसतो, रोज त्यातले एखादे बेट बुडते. भिंतीला मी आता चकचकीत काही लावणार नाही. चुनाच देतो, तो श्वास घेतो.

मेस्त्री पाहायला आले होते. मी हे पत्र लिहीत बसलो होतो. म्हणाले, "परत ओले?" मी चुलीकडे बघितले. ते म्हणाले, "ती न्हाई. ही. पत्र!" कन्नडमध्ये पत्रालाही ओले म्हणतात. चुलीचा ओ ऱ्हस्व, पत्राचा दीर्घ. कन्नडात त्यांना वेगळी अक्षरे आहेत, आपल्याकडे दोन्हींना एकच. म्हणजे माझ्या त्या तीन शब्दांच्या ओळीत ओल होती, चूल होती आणि पत्रही होते. मेस्त्री म्हणाले, "तू दिवसभर ओलेसमोर बसून ओलेबद्दल ओले लिवतोस. बायको यायची कधी?"

मी म्हणालो, "मीठ सांगेल."

ते आईला म्हणाले, "अव्वा, पोरगा बरा हाय नव्हं?"

तुझा,
नागेश

जोयडा, २१ ऑगस्ट

प्रिय फुला,

मीठ ठेवले. वर एक ताटली, खाली एक. सकाळी आई वरची घेऊन खाली आली, मी खालच्या ताटलीसमोर उभा होतो, पण बघायचा धीर होत नव्हता. आईनेच दोन्ही शेजारी धरल्या. म्हणाली, "आता तूच सांग, खालचं कुठलं?"

मी सांगू शकलो नाही.

तरीही विश्वास बसला नाही, म्हणून आणखी एका रात्री ठेवले, चूल न पेटवता. आणि आणखी एकदा, पाऊस धो धो पडत असताना. परवा वरचे जास्त पाझरले. फुला, वरचे! आई आता म्हणते की तिची चटई खाली टाका.

खोली कोरडी आहे. या ओळीत मी काहीही खोडलेले नाही. विठ्ठलअण्णांकडून खात्री करून घे, ते उतरून आत येऊन बघून गेले. बस रस्त्यात उभी, माणसे ओरडत होती आणि हे भिंतीला गाल लावून उभे होते.

तरी मी येतेस का म्हणून विचारणार नाही. तू म्हणाली होतीस, मिठाला विचार, मला नको. दोन्ही ताटल्यांतले मीठ वेगवेगळ्या पुड्यांत बांधून पाठवत आहे. कोणत्या पुडीवर काय ते लिहिलेले नाही. तू ओळख.

नागेश

जोयडा, २५ ऑगस्ट

ती. मामींस,
नागेशचा नमस्कार.

तुम्ही पत्रे ऐकत होता हे कळल्यावर मला आठवडाभर लाज वाटत होती. आता वाटत नाही, म्हणून हे थेट तुम्हालाच लिहीत आहे. दोघी सुखरूप पोचल्या.

आम्हाला काहीच सांगितले नव्हते. मी अंगणात गटारातली पाने काढत होतो. बस आली, थांबली, आणि विठ्ठलअण्णा दारातून ओरडले, "नागेश! पत्राचं उत्तर आलंय! ह्या वेळी तिकीट घेतलंय बरं का, दोघींचं एक!" फुला उतरली. तिच्या एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात वाकळेची पिशवी. माझे हात चिखलाने भरलेले. मी ते अंगणातल्या बादलीत धुवायला लागलो. ती म्हणाली, "पुड्या ओळखता आल्या न्हाईत मला. म्हणून बघायला आले."

आईने त्यांना दारातच थांबवले. दृष्ट काढायला मोहरी तिच्याकडे होती, मीठ मात्र म्हणाली, "खालच्या ताटलीतलंच आण." मी आणले. मुलीवरून ओवाळले, आणि मग सगळे जिना उतरून खाली गेलो. फुलाने भिंतीला हात लावला नाही, वास घेतला नाही, फक्त आईच्या मुठीकडे बघत होती. मला कळले ती कशाची वाट बघते आहे. ओले मीठ आगीत फुसफुसते, तुम्हाला माहीतच आहे.

आईने मूठ पेटत्या चुलीत टाकली.

मामी, मीठ तडतडले. असे तडतडले की मुलगी दचकली आणि आई दोन पावले मागे सरली. फुला हसायला लागली. तिने मुलीला माझ्या हातात दिले, पिशवीतून वाकळ काढली (तुम्ही ती तीनदा उकळून धुतली, हे ती मला पुनःपुन्हा सांगत होती) आणि चुलीपासून जरा लांब, खिडकीच्या बाजूला पसरली. "इथं," म्हणाली. एवढेच.

मग तिला भिंतीवरचे अक्षर दिसले. मुलीला मांडीवर घेऊन बसत मी म्हणालो, "चुना दिला की पुसून टाकतो."

"पुसायचं न्हाई. आता बरोबर हाय ते. खाली ओलेच हाय की."

मी म्हणालो, कन्नडमध्ये बरोबर आहे, मराठीत आता चूक आहे. पण तेवढ्यात माझ्या मांडीला काहीतरी कोमट लागले. मी हलायला घाबरलो, कारण मुलगी झोपत आली होती. फुलाने माझ्याकडे बघितले, मग भिंतीकडे, मग तिच्या रक्षाकडे (नाव तेच ठरले आहे), आणि माझ्या मांडीकडे बोट करून, एकेक अक्षर स्वच्छ, शाळेत धडा वाचतात तसे, म्हणाली:

"येथे ओले आहे."

परवा चवथ. नाव इथेच ठेवणार आहोत. तुम्ही आणि मामा सकाळच्या बसने या, विठ्ठलअण्णांनी पुढची जागा धरून ठेवली आहे. खाली झोपायला जागा भरपूर आहे.

तुमचा जावई,
नागेश